अर्ज कोण लिहिणार?

2023 ची दिवाळी तोंडावर आली होती. मराठवाड्यातल्या अंबाजोगाईत एका मित्राच्या ओसरीवर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. पेपरात बातमी होती, की युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत भारतातली दोन नवी शहरं गेली: संगीतासाठी ग्वाल्हेर आणि साहित्यासाठी कोझिकोड. त्याच्या आदल्याच वर्षी शांघाय सहकार्य संघटनेनं वाराणसीला आपली पहिली पर्यटन व सांस्कृतिक राजधानी म्हणून जाहीर केलं होतं. बातमी वाचून होताच आमच्यातला एक जण तडकून म्हणाला, "अन् आपल्याकडं काय कमी हाय?"

मग यादी सुरू झाली. अजिंठा, वेरूळ. सातवाहनांचं पैठण, नाथांचं पैठण. मुकुंदराज आणि दासोपंत तर याच गावचे. नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका. नांदेडचा हुजूर साहिब, खुलताबादचे सुफी, तीन ज्योतिर्लिंगं, तुळजापूरची भवानी, पैठणी, हिमरू. मीही त्यात भर घातली. यादी संपली तोवर चहा निवला होता आणि मनात तीच जुनी ठसठस उरली होती, की आपल्याला कुणी विचारत नाही.

विकासाच्या अनुशेषाबाबत ही ठसठस खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण या एका बाबतीत आपण स्वतःला फसवतो आहोत. त्या ओसरीवर बसलेल्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, की असल्या यादीत जायला अर्ज करावा लागतो. महापौरांच्या पत्रासह प्रस्ताव तयार करावा लागतो, तो देशाच्या राष्ट्रीय आयोगाकडून पुढं जावा लागतो, आणि निवड झाल्यावर दर चार वर्षांनी काय केलं त्याचा अहवाल द्यावा लागतो. मलाही तोवर हे माहीत नव्हतं. त्यानंतर मी या निवडी कशा होतात ते वाचत गेलो. जे वाचलं त्यानं माझं मत बदललं, म्हणून हा लेख.

'सांस्कृतिक राजधानी' या किताबाचं मूळ युरोपात आहे. ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री मेलिना मर्कुरी, मूळच्या अभिनेत्री, यांच्या आग्रहातून 1985 साली अथेन्स हे पहिलं 'सांस्कृतिक शहर' ठरलं. मग फ्लॉरेन्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, पॅरिस. म्हणजे ज्यांची नावं जगाला आधीच पाठ होती तीच. सरकारं नाव सुचवत आणि मान दिला जाई. 1990 ला ग्लासगोची पाळी आली आणि चित्र पालटलं. जहाजबांधणी बसलेलं, बेकारीनं काळवंडलेलं ते शहर. तिथून हा किताब गौरवापेक्षा कामाचा होत गेला.

आज या किताबाचं नाव 'युरोपची सांस्कृतिक राजधानी', आणि त्याची पद्धत अशी आहे. कोणत्या वर्षी कोणत्या देशाची पाळी, हे आधीच ठरलेलं असतं. साधारण सहा वर्षं आधी तो देश आपल्या शहरांकडून प्रस्ताव मागवतो. स्वतंत्र तज्ज्ञांचं मंडळ प्रस्ताव वाचतं, शहरांच्या प्रतिनिधींना समोर बसवून प्रश्न विचारतं, काही शहरं पुढच्या फेरीत नेतं, आणि चार वर्षं आधी निकाल लागतो. कसोट्या सहा आहेत: शहराचं दीर्घकालीन सांस्कृतिक धोरण, युरोपशी नातं, कलेचा आशय, पार पाडण्याची क्षमता, लोकांचा सहभाग आणि कारभार. जुन्या वैभवाला वेगळे गुण नाहीत. वारसा असला तर उत्तमच, पण त्या वर्षासाठी तुम्ही नव्यानं काय करणार, हे सांगावं लागतं. निवड झाल्यावरही मंडळ शहराला वरचेवर बोलावून कामाची तपासणी करतं. 15 लाख युरोंचं मर्कुरी पारितोषिक मिळतं ते दिलेला शब्द पाळला तरच. बाकीचा मोठा खर्च शहरानं, प्रांतानं, देशानं उचलायचा. वर्ष सरल्यावर काय साधलं याचं मूल्यमापनही शहरानंच करून द्यायचं.

या पद्धतीनं निवडलेली शहरं पाहिली तर आपल्या यादीचा अभिमान थोडा सैल होतो. 2018 सालासाठी नेदरलँड्समधून लेउवार्डेन निवडलं गेलं, आइंडहोव्हन आणि मास्ट्रिख्तला मागं टाकून. लाखभर वस्तीचं गाव, आणि भोवतालची बोली डच नसून फ्रिजियन. त्यांनी आपल्या प्रस्तावाचा कणा म्हणून एक फ्रिजियन शब्द घेतला: 'मिएन्स्किप'. आपल्याकडच्या 'गावकी'च्या जवळ जाणारा, सगळ्यांनी मिळून करायचं या अर्थाचा. बोलीतला एक शब्द घेऊन ते जिंकले. आपली पोरं पुण्याला गेली की आठ दिवसांत 'करायलोय' सोडून 'करतोय' म्हणायला लागतात, आणि त्याचं आपल्याला बरं वाटतं.

मातेराची गोष्ट तर मराठवाड्यातल्या माणसानं सावकाश वाचावी अशी आहे. इटलीच्या गरीब दक्षिणेतलं हे गाव. चुनखडीच्या कड्यात कोरलेल्या गुहांतून माणसं शतकानुशतकं राहत होती, जनावरांसकट, ना पाणी ना गटार. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वस्ती देशाची लाज म्हणून गाजली आणि 1952 च्या कायद्यानं लोकांना तिथून हलवायला सुरुवात झाली. गुहा ओस पडल्या. 1993 ला त्याच गुहा जागतिक वारसा ठरल्या आणि 2019 ला मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. आपल्या अजिंठा-वेरूळला तो वारशाचा दर्जा 1983 सालीच, मातेराच्या दहा वर्षं आधी मिळालेला आहे. म्हणजे कोरलेल्या दगडात आपण मागं नव्हतो. त्या दगडाभोवती राहणाऱ्या माणसांनी पुढं काय करायचं, हे मातेरानं बसून लिहून काढलं. आपल्याकडे ते काम झालेलं नाही.

छत्रपती संभाजीनगरला एक किताब आहेच, महाराष्ट्राची पर्यटन राजधानी. या नावानं हिमरूच्या विणकराचं काय बदललं? हिमरू म्हणजे सुती ताण्यावर रेशमी नक्षी उठवणारं कापड. हा हुन्नर तुघलकाबरोबर दौलताबादेत आला असं सांगतात. काही वर्षांपूर्वी जुन्या शहरात एका विणकराकडे मी तासभर बसलो होतो. माग जमिनीतल्या खड्ड्यावर, पाय खाली पावड्यांवर. नक्षीचं एक एक बोट पुढं सरकायला किती वेळ लागतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं आणि मग लाजून घड्याळ खिशात टाकलं. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. माग शिकायला कुणी येतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बघायला लई येतात, साहेब. फोटो काढतात." पैठणीचंही तेच. नाव पैठणचं, बाजार येवल्याचा. येवल्याच्या लोकांचा यात काही दोष नाही. त्यांनी कष्टानं धंदा उभा केला. नावाचं आपण काय केलं, हा सवाल आपला आहे.

साहित्य संमेलनाची तुलना इथं टाळता येत नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ठिकाणही निमंत्रणातूनच ठरतं. गावोगावच्या संस्था निमंत्रणं पाठवतात, स्थळ निवड समिती येऊन पाहणी करते, महामंडळ निर्णय घेतं. या मार्गानं संमेलन औरंगाबादला 1957 मध्ये, अंबाजोगाईला 1983 मध्ये, परभणीला 1995 मध्ये आलं. अलीकडे 2020 ला उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, आणि 2022 च्या एप्रिलात उदगीरला आलं. उदगीरला मी तिन्ही दिवस होतो. ऊन असं की मंडपाच्या कापडाला हात लावला तर चटका बसावा, तरी पुस्तकांच्या गाळ्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. निलंग्याकडून, देगलूरकडून माणसं भाकरी बांधून आली होती. मराठवाड्याला संस्कृतीची भूक आहे का, असं कुणी विचारलं तर मी त्याला ते तीन दिवस सांगेन.

चौथ्या दिवशी मंडप सुटला. स्थळ निवडताना मुक्कामाची सोय, मंडपाची जागा, वाहतूक, स्थानिक संस्थेचं बळ पाहिलं जातं, आणि ते पाहायलाच हवं. पण 'तुमच्या गावात पाच वर्षांनी काय उरेल?' हा प्रश्न समितीनं निमंत्रकांना विचारावा आणि त्याचं लेखी उत्तर मागावं, असं मला मनापासून वाटतं. उत्तर छोटं असलं तरी चालेल. संध्याकाळी उघडं राहणारं एक वाचनालय. बोलीतल्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारं एक महाविद्यालय. युरोपच्या मंडळाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो विचारला गेला की गावातली माणसं वेगळ्या तऱ्हेनं विचार करायला लागतात.

नांदेडनं हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली नांदेडला ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं. त्याची त्रिशताब्दी 2008 ला झाली. त्या निमित्तानं नांदेड केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेत गेलं, रस्ते झाले, घाट झाले, विमानतळ सुधारला. ठरलेली तारीख आणि येणारे लाखो पाहुणे यांच्या रेट्यानं एका शहराचं रूप थोड्या वर्षांत पालटलं. म्हणून 'असले सोहळे म्हणजे उधळपट्टी' असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्याच वर्षात एक मोठी संधी हुकली असंही मला वाटतं. ग्रंथसाहिबांत नामदेवांची 61 पदं आहेत. ते नामदेव ज्या नर्सीचे, ती शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. पंजाबहून नांदेडला येणारा भाविक ज्या ग्रंथापुढं माथा टेकतो त्यात आमच्या गावचा शिंपी बोलतो आहे. हा धागा पकडून नांदेड ते नर्सी अशी एखादी यात्रा, दोन्ही भाषांतलं गायन, पोरांसाठी पुस्तक, काय काय उभं राहिलं असतं!

'युरोपशी नातं' ही कसोटी मला म्हणूनच सगळ्यांत मोलाची वाटते. तुमच्याकडे काय आहे ते बाजूला ठेवा आणि ते दुसऱ्याशी कसं जोडलेलं आहे ते सांगा, असा तिचा अर्थ. मराठवाड्यानं हा प्रश्न स्वतःला विचारला तर उत्तरांची रास पडेल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नोंदीत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, यांची नावं आहेत. इथला माल गाड्यांवरून भडोचला जाई आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवणारा आणि तिला नहरीचं पाणी देणारा मलिक अंबर जन्मानं इथिओपियाचा. वली औरंगाबादी 1700 च्या सुमारास दिल्लीला गेला आणि दिल्लीच्या शायरांनी त्याच्याकडून दखनीची चाल उचलली. नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. आपण यातलं निम्मं पाठ्यपुस्तकात टाकलं आणि निम्म्याबद्दल बोलायला कचरतो. मलिक अंबराचं आणि वलीचं नाव घेताना आवाज खाली येत असेल, तर जगापुढं जाऊन सांगायला आपल्याकडे फार काही उरत नाही. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे.

2025 चा किताब स्लोव्हेनियातलं नोव्हा गोरिका आणि इटलीतलं गोरिझिया यांनी मिळून घेतला. 1947 ला सीमारेषा आखली गेली आणि वस्ती दोन देशांत वाटली गेली. ती कथा वाचताना मला उदगीर आठवलं. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. हैदराबाद राज्य फुटलं, मराठवाडा मुंबई राज्याकडे आला, बिदर म्हैसूरकडे गेलं, आणि एका बाजाराची, एका सोयरिकीची माणसं दोन राज्यांची झाली. उदगीरच्या जुन्या घरांतून आजही मराठी, कन्नड, दखनी एकाच वाक्यात येतात. उदगीर आणि बिदर यांनी मिळून एखादं वर्ष साजरं करायला कुणाच्या किताबाची काय गरज आहे?

आता यावरचा खरा आक्षेप. लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलखात शेतकरी आत्महत्या करतो, तिथं सांस्कृतिक राजधानीच्या गोष्टी शोभतात का? माझा थोरला भाऊ शेती करतो आणि त्यानं मला हेच सुनावलं: "आधी नळाला पाणी येऊ दे, मग गाणं ऐकू." त्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो. दादा, परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली. ती बारव पाण्याची आहे, शिल्पाची आहे, गावाच्या एकीची आहे, यातलं कुठलं एक वेगळं काढणार? संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी उभं राहिल्यावर, डोंगरातून पाणी खापराच्या नळांनी शहरात कसं आणलं असेल, हा प्रश्न पोराला पडला पाहिजे. पाणी कसं साठवायचं आणि कसं वाटून घ्यायचं, हे आपल्या संस्कृतीतलं सगळ्यांत जुनं ज्ञान आहे. मराठवाड्याच्या प्रस्तावात पहिलं प्रकरण बारवांचं असावं, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तोही खोटा नाही. ब्रिटनचा स्वतःचा असाच किताब आहे. 2021 सालासाठी तो कॉव्हेंट्रीला मिळाला आणि ज्या संस्थेनं ते वर्ष चालवलं ती 2023 मध्ये आर्थिक डबघाईला येऊन प्रशासकांच्या हाती गेली. मातेरातही गुहांची घरं पर्यटकांच्या खोल्या झाली. किताब मिळाला की आपोआप भलं होतं, असं मानणारा मी नाही.

उलट, किताब न मिळालेल्यांकडून मी जास्त शिकलो. 2023 च्या युरोपीय किताबासाठी लीड्स, डंडी अशी ब्रिटनची पाच ठिकाणं तयारी करत होती. ब्रेक्झिट ठरल्यावर 2017 च्या नोव्हेंबरात त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही आता पात्रच नाही. लीड्सनं काय करावं? स्वतःच्या हिमतीवर 2023 हे आपलं सांस्कृतिक वर्ष म्हणून पार पाडलं. त्याआधी 2008 च्या वेळी न्यूकॅसल आणि गेट्सहेड लिव्हरपूलकडून हरले होते, पण प्रस्ताव करताना माणसं आणि संस्था एकत्र आल्या होत्या, त्या पांगल्या नाहीत आणि काम चालू राहिलं. मला जे म्हणायचं आहे ते इथं आहे: मराठवाड्यानं किताबाची वाट न पाहता तो प्रस्ताव लिहायला घ्यावा.

तोही एकट्या संभाजीनगरनं नको. 'राजधानी' हा शब्दच आपली वाट चुकवतो. आपलं जे काही आहे ते पैठण, तेर, अंबाजोगाई, गंगाखेड, नर्सी, नांदेड, खुलताबाद, उदगीर असं विखुरलेलं आहे. युरोपच्या नियमांतही शहराला भोवतालचा मुलूख सोबत घेता येतो. 2010 सालासाठी जर्मनीतलं एसेन निवडलं गेलं ते रूर खोऱ्यातल्या 53 नगरपालिकांच्या वतीनं. कोळशाच्या खाणी बंद पडलेला तो पट्टा. जुलैच्या एका रविवारी त्यांनी आपला मुख्य महामार्ग बंद ठेवला, त्यावर साठ किलोमीटर लांब टेबलं मांडली आणि लोक घरचं जेवण घेऊन येऊन बसले. वारीत आणि उरुसात पंगती बसवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

शिकावं लागेल ते कारभाराचं. नियमांप्रमाणे शहराचं सांस्कृतिक धोरण अर्जाआधीच तयार असावं लागतं आणि सगळ्या पक्षांचा पाठिंबा लागतो, कारण अर्जापासून वर्ष उजाडेपर्यंत दोनदा निवडणुका होऊन जातात. आपल्याकडे 2020 पासून कित्येक वर्षं संभाजीनगरच्या महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. ठराव करणार कोण? वेरूळ-अजिंठा महोत्सवात मध्ये काही वर्षांचा खंड पडला तेव्हा तो परत सुरू करा म्हणून हट्ट धरायला एकही मंच नव्हता.

आणि क्षमता. एका जिल्ह्याच्या गावातल्या नाट्यगृहात आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांचं नाटक बसवलं होतं. प्रयोगाच्या दिवशी पडद्याची दोरी तुटलेली निघाली, ती एका वडिलांनी बैलाच्या कासऱ्यानं बांधली. मुलींच्या रंगपट-खोलीतल्या न्हाणीघराला दार नव्हतं. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरी तोंडाला रंग लावून रस्त्यापलीकडच्या एका घरात गेल्या, तिथल्या बाईंनी त्यांना आत घेतलं. प्रयोग छान झाला. घरी जाताना त्यातल्या एकीनं मला विचारलं, "सर, मोठ्या गावात बी असंच असतंय का?" त्या वेळी मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. जगातलं कुठलंही तज्ज्ञ मंडळ आलं, तर लेण्यांच्या आधी त्याला ते नाट्यगृह दाखवावं आणि हे अमुक महिन्यात दुरुस्त करू असं लिहून द्यावं, असं आता मला वाटतं.

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडली याचा विचार, मांडलं, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर. कागद पुरेना म्हणून असेल, की सगळ्यांना एकदम वाचता यावं म्हणून, पण माणसानं कापड अंथरलं आणि लिहायला घेतलं. ओसरीवरच्या त्या संध्याकाळी आमच्या यादीत पासोडी होतीच. आठवडाभरानं आम्ही परत बसलो तेव्हा यादी न करता एक वही आणली. पहिल्या पानावर आठ जिल्ह्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढं दोन प्रश्न: इथलं कोण, दुसऱ्या कुणाशी जोडलेलं आहे? पाच वर्षांनी काय उरायला हवं? परभणीपुढं बारवा लिहून झाल्या आहेत. लातूरपुढं उदगीर-बिदर आहे, त्यासाठी बिदरच्या एका प्राध्यापकांना पत्र गेलं आहे. जालना आणि बीडवर अजून वाद चालू आहे. हिंगोलीपुढची जागा रिकामी आहे. नर्सीच्या एका शिक्षकांशी फोनवर बोलणं झालंय, एकादशी झाली की भेटतो म्हणाले आहेत.